मावशीच्या घरातली शांतता

१

छोट्या चित्रपटांच्या महोत्सवाला जायची एक रीत असते. गळ्यात पास अडकवायचा, कॉफीच्या रांगेत उभं राहून आधीच्या फिल्मला नावं ठेवायची, आणि दिवे मालवले की चुळबुळ न करता बसायचं. कानसेनला यातलं शेवटचं सगळ्यात छान जमायचं. गप्प बसणं हा तिचा अभ्यासाचा विषयच होता म्हणा ना. चित्रपटाच्या कॉलेजात ती ध्वनीच्या वर्गात होती. बंद दाराआड कुठला पंखा कुरकुरतोय हे ती बाहेरून सांगायची, म्हणून वर्गाने तिचं बारसं नव्याने केलं आणि खरं नाव हजेरीपुरतं उरलं.

आज तिचीही फिल्म होती. दिग्दर्शन दुसऱ्याचं, सावलीतही गॉगल लावणाऱ्या एका मुलाचं, ज्याला सगळे साहेब म्हणत. आवाज आणि संकलन मात्र कानसेनचं. फिल्म दुपारच्या शेवटच्या सत्रात होती आणि तेवढ्यासाठी आई बसने येणार होती. आईला चित्रपटांचं काही सोयरसुतक नव्हतं. तिला बहिणीचं घर बघायचं होतं. शूटिंग मावशीच्या हॉलमध्ये झालं होतं. मावशी गेल्यावर घरमालकाने ते घर पाडून टाकलं. आता ते होतं तेवढं त्या फिल्ममध्येच.

सकाळची पहिली फिल्म एका नवराबायकोची. रस्त्याच्या कडेला गाडी उभी, आत दोघं रुसून बसलेली, बराच वेळ कुणी बोलत नाही. कानसेनने सवयीने डोळे मिटून कान लावले, आणि तिला ऐकू आली भिंतीतल्या पाइपातून वर चढणाऱ्या पाण्याची बारीक सळसळ. मागोमाग खिडकीच्या सैल काचेची एक टिचकी.

गाडीला कुठली आली भिंत? तिने डोळे उघडले. पडद्यावर गाडीच होती. आवाज मात्र मावशीच्या हॉलचा होता. तो तिने झोपेतही ओळखला असता.

"तुझाच रूम टोन आहे गं," शेजारून ढापण्या कुजबुजला. जाड भिंगांचा ढापण्या तिच्याच वर्गातला, अर्ध्या कॉलेजच्या फिल्मच्या आवाजांचं मिश्रण तोच करायचा. "वर्गाच्या फोल्डरमधून उचलला मी. इतकी स्वच्छ शांतता कुठे मिळते आजकाल?"

"अरे गाढवा, गाडीत पाण्याचा पाइप असतो का?"

"कळतंय कुणाला?"

"मला कळतंय!"

"तुला सोडून पण माणसं असतात जगात," तो म्हणाला आणि पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून दोघांकडे असं पाहिलं, की दोघंही मुकाट्याने खाली घसरून बसली.

२

रूम टोन म्हणजे रिकाम्या खोलीचा आवाज. शूटिंग संपलं की ध्वनीवाल्याचं एवढं एकच काम उरतं. सगळ्यांनी जिथे आहोत तिथे पुतळ्यासारखं थांबायचं आणि त्या खोलीची नुसती शांतता टिपायची. संवादांमधल्या फटी नंतर त्या शांततेने बुजवायच्या असतात. कुठल्याही दोन खोल्या सारख्या गप्प नसतात, हे एकदा कानाला कळलं की माणूस कायमचं बिघडतं.

त्या दिवशी कानसेनने मावशीचं घर अगदी शिस्तीत मुकं केलं होतं. खिडक्या बंद. फ्रिज बंद. घड्याळातला सेल काढलेला. पंखे तर सकाळपासूनच बंद. बाहेर ऊन नुसतं आग ओकत होतं. मावशीच्या सपाता फरशीवर घासत, उजवी जरा जास्तच, कारण तो पाय तिला ओढत चालावं लागे. म्हणून तिला आतल्या खोलीत बसवलं होतं, दाराजवळच्या स्टुलावर.

"मी सांगेपर्यंत बाहेर यायचं नाही हं, मावशी. आवाजही करायचा नाही."

"नाही गं बाई, नाही येत. तुमचं मोठ्ठं काम चाललंय," मावशी म्हणाली होती आणि तोंडावर बोट ठेवून लहान मुलीसारखी हसली होती. ही तीच मावशी जिने कानसेनला कॉलेजची दोन्ही वर्षं घरात ठेवून घेतलं होतं. आल्यागेल्याला ती सांगायची, "आमची मुलगी सिनेमात आहे," जणू पोस्टरवर तिचंच तोंड छापलं जाणार होतं.

शेवटी रूम टोनची वेळ आली. कॅमेरा चालूच ठेवला होता, साहेबांना रिकाम्या हॉलचा शॉट हवा होता म्हणून. सगळी मंडळी श्वास रोखून भिंतीशी उभी. आणि आतून आवाज आला. मावशी काहीतरी बोलली. कानसेनच्या कानांवर जाड हेडफोन होते आणि तिचं लक्ष आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्याकडे होतं. तिला शब्द कळले नाहीत, फक्त काटा हललेला दिसला आणि डोक्यात तिडीक गेली. तिने न वळता दाराच्या दिशेने तळहात उगारला आणि जोरात "शूऽऽ" केलं.

पुन्हा आवाज आला नाही.

मग वायर गुंडाळणं, पेट्या भरणं, साहेबांचे विनोद. कुणीतरी थंड पेयं आणली. मावशीसाठी बाजूला काढलेला ग्लास घेऊन कानसेन आत गेली, तेव्हा मावशी स्टुलावरच होती. भिंतीला टेकलेली, घामाने भिजलेली, एक हात दाराकडे. दाराला कडी नव्हती. नुसतं ओढलं असतं तरी उघडलं असतं. कानसेन सांगेपर्यंत ती थांबली होती.

डॉक्टर म्हणाले की हृदय नाजूक होतं, हे कधीही झालं असतं. कानसेनला कुणी चकार शब्दाने बोललं नाही. आईने फक्त विचारलं, "शेवटी काही म्हणाली का गं?" आणि कानसेन म्हणाली, "नाही. आम्ही बाहेर होतो ना."

फिल्म जमा करायची मुदत जवळ आली तेव्हा ती संकलनाला बसली. त्या शांततेच्या मधोमध, आवाजाच्या सपाट रेषेवर, एक छोटा उंचवटा दिसत होता. ध्वनीवाले असे उंचवटे न ऐकताच कापतात. खोकला असतो, खुर्ची असते, त्यात काय ऐकायचं? तिनेही न ऐकताच कापला. वेळ वाचावा म्हणून, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं कारण तिला पक्कं माहीत होतं. कापलेल्या जागी बाजूची शांतता लावली, सांधा कळणार नाही असा घासून काढला, आणि नेहमीप्रमाणे ती फाइल वर्गाच्या फोल्डरमध्ये टाकली. रेकॉर्डरचं मूळ कार्ड पुढच्या शूटिंगसाठी कुणीतरी पुसून ठेवलेलं होतं. मावशी काय म्हणाली, हे आता जगात कुणालाच कळणार नव्हतं.

३

सकाळची तिसरी फिल्म एका कार्यालयातली होती. एक कारकून रिकाम्या टेबलांमध्ये एकटा बसून डबा खातो, एवढीच गोष्ट. बरी होती. डबा उघडायच्या आधी तो थोडा वेळ नुसताच बसतो, तिथे पुन्हा तो पाइप आला, ती काच आली.

कानसेनने यावेळी मन घट्ट केलं. हेही ढापण्याचंच काम, दुसरं काय! एवढ्यात तिसरा आवाज आला. लाकडी स्टूल कुरकुरलं. बराच वेळ बसलेलं माणूस उठताना स्टूल कुरकुरतं तसं.

तिच्या फाइलमध्ये हा आवाज नव्हता. ती शांतता तिने इतक्यांदा ऐकली होती, की तिचा कण न् कण तिला पाठ होता. पडद्यावरचा कारकून धातूच्या खुर्चीवर बसला होता आणि जागचा हललाही नव्हता.

"हे स्टूल तू घातलंस?"

"कुठलं स्टूल?" ढापण्या पडद्यावर शोधू लागला.

"आवाज रे! आत्ता आला तो."

ढापण्याने भिंगांआडून तिच्याकडे पाहिलं. "सकाळपासून काही खाल्लंयस का तू?" त्याने विचारलं. त्याने खिशातून बिस्किटाचा पुडा काढून तिच्या मांडीवर ठेवला. बिचाऱ्याचा जीव तिच्यावर होता, तिला ते माहीत होतं, पण आज त्याच्याकडे बघायला तिला फुरसत नव्हती.

तिने स्वतःशी नीट हिशेब मांडला. सभागृहात चार-पाचशे खुर्च्या. त्यातली एक कुरकुरली असेल. आपण रात्रभर जागलो. आई येणार याची धास्तीही आहे. कान वाजायला एवढं पुरे. तिने बिस्किट खाल्लं. ते चावतानाचा आवाजसुद्धा तिला नकोसा झाला.

४

जेवणाच्या सुट्टीनंतर जुन्या विद्यार्थ्यांच्या फिल्म होत्या. निवेदिका माइकवर म्हणाली, "यातली पहिली फिल्म मुकी आहे. तेव्हा आपल्या कॉलेजकडे आवाज टिपायचं यंत्रच नव्हतं. तर कृपया तांत्रिक बिघाड समजून ओरडू नका!" लोक हसले. कानसेनही हसली. तिला बरं वाटलं. आवाजच नसलेली फिल्म! तिच्या जन्माआधीची! तिथे तरी कोण काय घालणार होतं?

काळ्यापांढऱ्या रंगात एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. सभागृह इतकं शांत झालं, की मागच्या कुणाची तरी जांभईही ऐकू आली.

मग पाइप सळसळला.

कानसेनने मान मागे वळवून भिंतीवरच्या स्पीकरांकडे पाहिलं. त्यांवरचे हिरवे दिवे बंद होते. काच टिचकली. मग पावलं आली. फरशीवर सपाता, एक हलकी, एक घासत. एक हलकी, एक घासत. घाई नाही. स्टुलापासून दारापर्यंतचं अंतर फार नव्हतं. पावलं दाराशी येऊन थांबली, आणि दाराआडून धापा टाकल्यासारखा श्वास ऐकू येऊ लागला. पडद्यावरची बाई चादर झटकत होती आणि चादरीचा काडीचाही आवाज येत नव्हता.

ती उठली. लोकांच्या गुडघ्यांवरून, पिशव्यांवरून धडपडत, शिव्या खात बाहेर पडली.

बाहेर भगभगीत ऊन होतं, कॉफीचं यंत्र फुरफुरत होतं, दोन मुलं कॅमेऱ्याच्या भिंगांवरून तावातावाने भांडत होती. जग आपलं जागच्या जागी होतं. कानसेन भिंतीला टेकून उभी राहिली. भीती वाटत होती, हे खरं. पण भुताची भीती वाटली असती तर ती सरळ घरी गेली असती. तिला भीती होती ती पुढच्या गोष्टीची. मावशी दाराशी आली होती. आता ती बोलणार होती. आपलं नाव घेऊन तिने हाक मारली असेल तर? "पाणी" म्हणाली असेल तर? "जीव घाबरतोय गं" म्हणाली असेल आणि आपण तिला "शूऽऽ" केलं असेल तर?

आणि तरीही ते ऐकल्यावाचून आपल्याला या दारातून बाहेर पडता येणार नाही, हेही तिला तितकंच स्वच्छ कळत होतं.

५

आई आली तेव्हा तिच्या हातात स्वेटर होता. "आत फार गार करतात म्हणे. घाल हा," ती म्हणाली. लेकीचा चेहरा पाहून तिने स्वेटर स्वतःच तिच्या खांद्यावर टाकला. "तोंड का असं उतरलंय?"

"काही नाही. टेन्शन."

"कसलं टेन्शन? छानच असेल. ताईचं घर आहे, वाईट कसं दिसेल?" आई चालता चालता थांबली. "तो कोपऱ्यातला दिवा आलाय का गं त्यात? आम्ही दोघींनी मिळून घेतला होता. त्याच्या रंगावरून दुकानात भांडलो होतो."

"आलाय, आई."

"आणि ताई? मागेपुढे कुठेतरी, चुकून?"

"नाही. ती आत होती."

"हो, तेही खरंच," आई म्हणाली. मग कपाळावरचा घाम पुसत सहज पुढे बोलली, "मला एवढंच वाटतं बघ, जाताना एक शब्द तरी कुणाशी बोलायला हवी होती. आयुष्यभर बडबड केली बाईने, आणि जाताना अशी गुपचूप!"

कानसेनच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. बोलली होती गं. मीच पुसलं. पण घंटा वाजली, लोक आत घुसू लागले, आणि आईने तिचा हात घट्ट धरला, मोठ्या गर्दीत लहानपणी धरायची तसा. कानसेनने शब्द गिळले. गिळायची आता सवय झाली होती.

ढापण्याने दोघींसाठी जागा धरून ठेवल्या होत्या. "नमस्कार काकू," तो म्हणाला आणि एक खुर्ची सोडून बसला.

६

साहेबांच्या फिल्मची गोष्ट साधी. एक तरुण कुणा पाहुण्याची वाट बघतो. टेबल मांडतो, पुन्हा मांडतो, शर्ट बदलतो. पाहुणा येत नाही. शेवटी तो उठून बाहेर जातो आणि रिकामा हॉल उरतो. कोपऱ्यात दिवा, टेबलावर दोन ताटं, मागे आतल्या खोलीचं बंद दार.

फिल्मभर काहीही झालं नाही. संवाद नीट, पावलं नीट, कप ठेवल्याचा आवाजसुद्धा जागेवर. दिवा दिसला तेव्हा आईने कानसेनचा हात दाबला. कानसेनला क्षणभर वाटलं, संपलं सगळं. उगाच जीव जाळला आपण.

मग तरुण उठला, बाहेर गेला, आणि तो शेवटचा शॉट आला. त्या दिवशीचा. सगळे श्वास रोखून भिंतीशी उभे होते तेव्हाचा.

पाइप सळसळला. काच टिचकली. आपला सांधा कुठे आहे हे कानसेनला माहीत होतं. तिने आईचा हात सोडला आणि खुर्चीची कड धरली.

"झालं का गं तुमचं?"

मावशीचाच आवाज. दमलेला, पण रागाचा टिपूसही नसलेला. हाक नव्हती ती. गाऱ्हाणं नव्हतं. येऊ का बाहेर, एवढंच ती विचारत होती. कामात अडथळा नको म्हणून अगदी हळू.

आणि कानसेनचा हात वर उठला. तिने उचललाच नव्हता. तो सवयीने आपोआप उठला, तळहात पुढे, बोटं ताठ, थेट पडद्यावरच्या त्या दारासमोर. तिने पाहिलं तेव्हा तो तिच्या तोंडासमोर अंधारात तसाच उभा होता. तिला स्वतःची इतकी किळस कधीच आली नव्हती. तिने दुसऱ्या हाताने तो खाली ओढला.

"झालं, मावशी," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, मोठ्याने, "झालं गं! ये बाहेर. ये!"

"शूऽऽ!" पुढून आलं. मागून आलं. डावीकडून, उजवीकडून, सगळं सभागृह तिच्यावर एका दमात फुसफुसलं. "काय चाललंय?" कुणीतरी म्हणालं. ढापण्या अर्धा उठून तिच्याकडे बघत राहिला.

तिचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. पडद्यावरचं दार तिने संकलन करताना शेकडो वेळा पाहिलं होतं. ते बंद असे. त्याच्या रंगाचे पोपडेसुद्धा तिला पाठ होते. आत्ता त्याच्या कडेला एक काळी फट दिसत होती. केसाएवढी. मग बोटाएवढी. फटीतून चार बोटं आली आणि त्यांनी दाराची कड धरली. ओली, पांढरी पडलेली बोटं, त्यातल्या एका नखावर हळदीसारखा पिवळा डाग. दार आत ओढलं जाऊ लागलं.

आणि पडदा काळा झाला. पांढरी नावं वर सरकू लागली.

हा शॉट खरं तर बराच लांब होता. कॉलेजातले सर म्हणाले होते, शेवट रेंगाळतोय, आणि संकलनाच्या टेबलाशी बसून कानसेनने त्याची शेपटी छाटली होती. कुठे छाटायची, ते तिनेच ठरवलं होतं.

७

टाळ्या वाजल्या. बऱ्यापैकी वाजल्या. साहेब गॉगल काढून मंचावर गेले, खाली वाकले, "आमच्या ध्वनीच्या बाई जरा भावुक झाल्या" असा विनोद केला, त्यावर लोक हसले आणि त्यांनी तिला माफ करून टाकलं. "पाणी आणू का?" असं ढापण्याने दोनदा विचारलं.

नावं संपली. पडद्यावर नुसता उजेड राहिला. कानसेन कान लावून बसली होती. सभागृहात सभागृहाचाच आवाज होता, थंड हवेच्या झोताचा, खुर्च्यांचा, बोलण्याचा. त्याखाली काहीही नव्हतं. पाइप नाही, काच नाही. तिने डोळे मिटून पुन्हा ऐकलं. मग तिला रडू आलं. दिवसभर ज्या आवाजापासून ती पळत होती, तो आता कायमचा गेला, हे तिला कळलं.

आई हललीच नव्हती. पर्स मांडीवर घट्ट धरून ती अजून पडद्याकडे बघत होती. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

"आई?"

आईने मान वळवली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. नुसतं नवल होतं, आणि लहान मुलाच्या हातातून काहीतरी काढून घेतल्यावर येते तशी समजूत न पटलेली मुद्रा.

"अजून थोडं ठेवायचं होतंस गं," आई म्हणाली. "येत होती ना ती."